आयोडीनचा ताळेबंद

आम्ही मस्कतला हिशेबनीस. रियाल-बैसांचा ताळेबंद जुळला नाही की आम्हाला झोप लागत नाही. पण १९९६ साली झोप उडाली ती घरच्याच एका हिशेबामुळे.

सौ.ची थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जोरात चालली होती. डॉक्टरांनी किरणोत्सर्गी आयोडीन सुचवलं. सांगलीहून सासूबाईंचा फोन, "अहो, म्हणजे पोटात अणुबॉम्बच की!" घरात दोन वर्षांची छकुली. आम्ही पुरते घाबरलो.

मुंबईला अणुसंशोधनात असलेल्या मेहुण्यांना फोन लावला. ते हसून म्हणाले, "दाजी, हासुद्धा ताळेबंदच आहे!"

आयोडीन-१३१ च्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो. बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला जास्तीत जास्त ६०६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा येऊ शकते, पण सरासरी येते ती १९२ च्या आसपास. कुणाला कमी, कुणाला जास्त. मग बाकीची जाते कुठे? चॅडविकला १९१४ साली असाच पसरट आलेख मिळाला आणि शास्त्रज्ञांची जमाखर्चाची वही जुळेना. १९३० साली पाउलीने सुचवलं, की न दिसणारा एक कण उरलेली रक्कम घेऊन जात असणार. तोच न्यूट्रिनो. तो शरीराला धक्काही न लावता निघून जातो.

१९३४ साली फर्मीने या वाटणीचं गणित मांडलं. अणूचं धन केंद्रक निघालेल्या इलेक्ट्रॉनला मागे ओढतं, हेही त्यात धरलं. भोवतालचे इलेक्ट्रॉन ती ओढ थोडी झाकतात, ही बारीक दुरुस्ती पुढच्यांनी केली. एवढा काटेकोरपणा कशाला? तर ग्रंथीला किती मात्रा पोचणार, ते या सरासरीवर ठरतं. सगळीच ऊर्जा आत राहते असं धरलं, तर हिशेब तिपटीने चुकेल.

इलेक्ट्रॉन फार तर दोनेक मिलिमीटर जातो, म्हणजे काम ग्रंथीतच उरकतं. बाहेर येतात ते गॅमा किरण, म्हणून मुलांपासून लांब राहायचं. दर आठ दिवसांनी आयोडीन निम्मं होतं.

छकुलीला शेजारच्या वहिनींनी सांभाळलं. गॅलरीतून आई दिसायची, पण उचलून घ्यायची नाही. पोर रडायची, आणि इकडे आम्हीही.

आज सौ. ठणठणीत आहे. सकाळी थायरॉइडची एक गोळी मात्र कायमची मागे लागली. मंडळींनो, कुणाला हे औषध सुचवलं तर घाबरू नका. डॉक्टरांना दोनच गोष्टी नीट विचारा : मात्रा किती, आणि लेकरापासून लांब किती दिवस?