काखेत कळसा

दिवाळीच्या तोंडावर आपल्या घरांतून दोन गोष्टी हटकून बाहेर पडतात. एक जळमटे आणि दुसरी रद्दी. जळमटांबद्दल कुणाचे दुमत नसते. रद्दीवरून मात्र दर वर्षी एक लहानसे युद्ध होते, कारण एकाची रद्दी म्हणजे दुसऱ्याच्या जिवाचा तुकडा. आमच्या घरी या युद्धात मी आजवर रद्दीवाल्याच्या बाजूने लढत आले. यंदा मला पक्ष बदलावा लागला. त्याचे असे झाले.

गणपती गेल्यावर आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीची सभा भरली. जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड नऊ कपाटे अडवून बसले आहेत आणि संगणक मांडायला जागा नाही, असा विषय निघाला. वाणिज्य शाखेचे एक सहकारी म्हणाले, "अहो, आता सगळं ऑनलाइन मिळतं. ही धूळ कशाला सांभाळायची?" त्यावर सर्वांच्या माना माझ्याकडे वळल्या. मराठी शिकवणारी म्हणून मी पंधरा दिवसांत लेखी अभिप्राय द्यावा, असे ठरले. मी गंभीर चेहऱ्याने होकार दिला. खरे सांगायचे तर त्या कपाटांच्या किल्ल्या कुठे असतात, हेही मला ठाऊक नव्हते.

अभिप्राय द्यायचा तर हे 'सगळं' म्हणजे किती, ते एकदा डोळ्यांनी पाहावे म्हटले. रात्री जेवणाचे टेबल पुसून मुलीने त्यावर संगणक मांडला आणि 'जेस्टोर' नावाचे भांडार उघडून दिले. विद्वानांच्या नियतकालिकांचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचेही अंक तिथे आहेत. "आई, नाव नोंदवलं की महिन्याला शंभर लेख फुकट वाचता येतात," ती म्हणाली. महिन्याला शंभर! एम.ए.च्या दोन वर्षांत मी मिळून शंभर लेख वाचले असतील की नाही, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

मोठ्या ऐटीत मी रोमन अक्षरांत पहिला शब्द टाकला, 'ओवी'. पाहते तो पडद्यावर अंडी आणि मेंढ्या! लॅटिन भाषेत 'ओव्ही' म्हणजे अंड्याचे, आणि मेंढीच्या कुळाचे शास्त्रीय नाव 'ओव्हिस'. त्या कळपात आमच्या ज्ञानोबांची ओवी कुठे चेंगरली होती, कोण जाणे! मग ज्ञानोबांनाच हाक मारली. पण त्यांचे नाव कुणी 'डी'ने लिहिलेले, कुणी 'जे'ने, तर कुणी 'जी'ने. प्रत्येक अक्षराला लेखांची वेगळी रास. हे सारे एकच ज्ञानेश्वर आहेत, हे त्या यंत्राच्या गावीही नाही. मुलीने समजावले, की पानांची छायाचित्रे घेतात, त्यांतली अक्षरे यंत्र वाचते आणि आपण दिलेल्या अक्षरांशी ताडून पाहते. अक्षरांच्या डोक्यावर नि पायाशी टिंबे-रेघा आल्या, की वाचताना त्याचीही चूक होते.

मला कुंभकर्णाची आठवण झाली. त्याला मागायचे होते इंद्रासन, जीभ वळली आणि मागितले निद्रासन. ब्रह्मदेवाने 'तथास्तु' म्हणून टाकले. हे यंत्र त्याच जातीचे. तुमच्या मनात काय आहे हे ते विचारीत नाही, तोंडातून काय निघाले तेवढे देते. मुलीने मग मला मागण्याची रीत शिकवली. शब्दांची जोडी अवतरणचिन्हांत घातली की ती फुटत नाही. दोन शब्दांमध्ये इंग्रजी 'आणि' घातला की दोन्ही असलेलेच लेख येतात. वर्षांची मर्यादाही घालता येते. शेवटी ती म्हणाली, "आई, आधी काय हवंय ते नक्की कर, मग लिही." वीस वर्षे मी विद्यार्थ्यांना निबंधाबद्दल हेच सांगत आले आहे. ऐकण्याची पाळी प्रथमच आली.

या रीतीने मी 'पंढरपूर' आणि 'यात्रा' यांची जोडी मागितली, आणि हाती काय लागावे? 1962 सालच्या 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मधला इरावती कर्वे यांचा 'ऑन द रोड : अ महाराष्ट्रियन पिल्ग्रिमेज' हा लेख. रात्री अकराला वाचायला बसले ती शेवटच्या ओळीलाच उठले. दिंडीबरोबर पायी चाललेल्या इरावतीबाई, वाटेवर एका सुरात गाणाऱ्या बाया, आणि मुक्काम पडला की ब्राह्मण बायकांची चूल निराळी नि मराठा बायकांची निराळी. हे पाहून बाईंच्या जिवाची जी तगमग झाली, ती इंग्रजीतूनही मला पोचली. सकाळी चहाच्या वेळी मी हे सारे भरभरून सासूबाईंना सांगितले. त्यांनी शांतपणे कप खाली ठेवला.

"अगं, ही तर 'वाटचाल'. 'परिपूर्ती' पुस्तकात आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत बघ."

"आई, तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"तू कधी विचारलंस?"

स्टुलावर चढून मी ट्रंक उघडली. तपकिरी कागदाचे कव्हर घातलेले पुस्तक वरच्याच थरात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी तर अमेरिकेला वळसा घालून आले होते!

आता मला चेव आला. 1867 साली सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'पासून 'सत्यकथा', 'नवभारत' यांच्यापर्यंत एकेक नाव मी त्या भांडारात टाकून पाहिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे 'अ‍ॅनल्स' भेटले, तेव्हा परगावी माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. पण मराठी मासिकांची नावे इतरांच्या इंग्रजी लेखांत उल्लेखापुरतीच दिसली. अंक एकही लागला नाही. इरावतीबाईंचा लेख इंग्रजीत गेला म्हणून मला तिथे दिसला. जे लेख गेले नाहीत, त्यांचे काय? 'शून्य' दाखवताना यंत्र फक्त 'माझ्याकडे नाही' एवढेच म्हणत असते. 'जगातच नाही' असे ऐकणारे आपण.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांकडून मी किल्ल्या मागून घेतल्या. शेवटच्या कपाटाच्या खणात एक लाकडी खोके होते, आणि त्यात शेकडो कार्डे. कुणा जुन्या प्राध्यापकांनी बारीक, वळणदार अक्षरांत मासिकांतल्या लेखांची सूची करून ठेवली होती. एका कार्डावर 'वारी', आणि खाली सूचना : पंढरपूर, दिंडी, संत हेही पाहावे. रात्रभर यंत्राला जे उमगले नाही, ते या गृहस्थांनी दौत-टाक घेऊन केव्हाच करून ठेवले होते! त्याच कार्डावर जात्यावरच्या ओव्यांतील वारीसंबंधी एका लेखाची नोंद होती. मासिक, वर्ष, पृष्ठ, सारे दिलेले. मी धावत कपाटाकडे गेले. त्या वर्षाचा खंड नव्हता. आधीचा नव्हता, पुढचाही नव्हता.

ग्रंथपाल संकोचून म्हणाले, "मॅडम, ते सहा वर्षांपूर्वी निर्लेखनात गेले." त्यांनी यादी काढून दाखवली. यादीखाली समितीच्या सह्या होत्या. तिसरी सही माझी होती.

मला ती सही केल्याचे आठवतही नाही. सभा संपत आली असेल, चहा आला असेल, कागद पुढे सरकला असेल. तो लेख आणखी कुठल्या ग्रंथालयात असेलही. पण आमच्या मुलांच्या हाताशी होता तो मी घालवला. त्या दिवशी घरी येऊन मी कुणाशी फारसे बोलले नाही.

अभिप्राय लिहिताना मी जेस्टोरचीच गोष्ट सांगितली. प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन हे ओहायोतील डेनिसन विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर होते. जुन्या खंडांनी ग्रंथालयात जागा उरली नाही, आता नवी इमारत हवी, अशी तक्रार त्यांच्यासमोर आली. त्यातून त्यांना कल्पना सुचली, आणि 1995 साली इतिहास व अर्थशास्त्र या विषयांच्या दहा नियतकालिकांपासून हे भांडार उभे राहिले. म्हणजे त्याचा जन्मही आमच्यासारख्याच कपाटांच्या रडगाण्यातून झाला. पण त्यांनी आधी पाने टिपली, आणि टिपल्यावरही कॅलिफोर्निया विद्यापीठात व हार्वर्डमध्ये कागदी संच जपण्याची सोय केली. आम्ही निघालो होतो ते न टिपताच टाकायला. अभिप्रायाच्या शेवटी मी माझ्या जुन्या सहीचाही उल्लेख केला. तो लिहिताना हात जड झाला, पण लिहिला.

सभेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नऊपैकी सात कपाटे जिन्याखालच्या खोलीत हलवावीत, दोन कपाटांतले दुबार खंड काढून टाकावेत, आणि संगणक तेवढ्यात बसवावेत, असा आपल्याकडे होतो तसा सुवर्णमध्य निघाला. दुबार खंडांची यादी या वेळी मी ओळ न् ओळ वाचली. मग सही केली.

आता दर शनिवारी द्वितीय वर्षाची पाच-सहा मुले त्या खोलीत येतात. एकजण कार्ड वाचतो, दुसरी खंड शोधते, तिसरी देवनागरीत संगणकावर नोंद करते. ज्ञानेश्वरांची जेवढी नावे सुचतील तेवढी सगळी घालायची, असा आमचा नियम आहे. गेल्या शनिवारी नाकाला रुमाल बांधलेल्या एका मुलाने विचारले, "मॅडम, हे सगळं कोण शोधणार आहे?"

त्या जुन्या प्राध्यापकांनाही कुणीतरी असेच विचारले असेल. "ते आपल्याला कळणार नाही," मी म्हटले, "तू पुढचं कार्ड वाच."