सोळा ओळींमागे एक

१२ जुलै २०२४
झेंडूचं बी टाकलं. उंच वाढणारा, पिवळा. टोमॅटोचं बी अजून वीस दिवस डब्यातच. शेजारचे नाना म्हणाले, "सूनबाई, एकदमच टाका की." पण लागणीला झेंडूचं रोप पंचेचाळीस दिवसांचं आणि टोमॅटोचं पंचवीस दिवसांचं असलं, तरच दोघं बरोबरीनं फुलतात. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची ही शिफारस.

२६ ऑगस्ट, गोकुळाष्टमी
लागण झाली. सोळा ओळी टोमॅटो, मग एक झेंडू: फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगांनी अंडी टोमॅटोऐवजी त्यावर घालावीत म्हणून. कडेचा मका आधीच टोकला होता, पांढऱ्या माशीला तेवढाच अडसर. तिच्यापुढे झेंडूचं काही चालत नाही. आत्या ओळी मोजून म्हणाल्या, "एवढ्या जागेतले क्रेट गेले की गं." गेले, खरं आहे.

२९ सप्टेंबर
दोन्हीकडे फुलं. भिंग घेऊन कळ्या पाहिल्या. फळ पोखरणाऱ्या अळीची अंडी खसखशीएवढी, पिवळसर पांढरी. मादी ती एकेक सुटी घालते, म्हणून नजरेतून निसटतात. झेंडूवर बरीच दिसली, टोमॅटोवर फार शोधून दोन.

५ ऑक्टोबर
अंडी झेंडूवर आली म्हणून काम संपत नाही. अळ्या तिथंच मोठ्या झाल्या तर टोमॅटोवर उतरणारच. ऊन उतरल्यावर फक्त झेंडूच्या ओळींवर एचएनपीव्ही फवारला. तो विषाणू अळीला रोगानं मारतो, पण उन्हात टिकत नाही. पोखरलेल्या कळ्या खुडून पुरल्या.

११ ऑक्टोबर
उद्या दसरा. टेम्पोवाला सकाळीच दारात: "ताई, सगळी फुलं द्या, भाव चांगला आहे." गेल्या वर्षी कळ्यांसकट ओळी भादरून दिल्या होत्या. पैसे रोख मिळाले. मग पंधरा दिवसांत पतंगांनी टोमॅटो गाठला. अळीचं डोकं फळात, अर्धं अंग बाहेर. पहिला तोडा नारायणगावच्या बाजाराऐवजी खड्ड्यात गेला. ते क्रेट मी स्वतः उपडे केले होते, अजून डोळ्यांपुढे आहेत. आज पूर्ण उमललेली तेवढीच दिली. कळ्यांना हात लावू दिला नाही. तोरणाची फुलं आत्यांनी एकेक उलटून, अळी नाही ना बघून घेतली.

१८ ऑक्टोबर
टोमॅटो लिंबाएवढे झालेत. वीस झाडं तपासली. दोनच फळांना भोक. झेंडूला नव्या कळ्या. नाना कोबीचं विचारायला आले, चौकोनी ठिपक्यांच्या पतंगानं जेरीला आणलंय. त्यांना मोहरी सांगितली: कोबीच्या पंचवीस ओळींमागे दोन ओळी, एक लागणीच्या पंधरा दिवस आधी, दुसरी लागणीनंतर पंचवीस दिवसांनी. त्यांनी दिनदर्शिकेच्या मागे लिहून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं.