गोधडीचं पोट

पुसेगावात एका घराच्या काटेरी कुंपणावर गोधडी वाळत घातली होती. पुसेगाव म्हटलं की लोकांना सातारा आठवतो, सेवागिरी महाराजांची यात्रा आठवते. हे ते नव्हे. हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. याला आयुष्यभर ‘ते नव्हे’ असंच सांगत राहावं लागतं. तर त्या गोधडीत शाळेच्या गणवेशाच्या निळ्या चौकटी होत्या, जीनच्या पँटींचे पाय होते, आणि बरोबर मधे कुणा उमेदवाराच्या प्रचाराचा टी-शर्ट. हात जोडलेला उमेदवार उलटा लागला होता आणि धावदोऱ्याची ओळ त्याच्या कपाळावरून सरळ पलीकडे गेली होती. निवडून आला की पडला, हे विचारायचा मोह आवरला.

‘कुणी शिवली?’ एवढंच विचारलं. ओट्यावर मोबाइल चार्जिंगला लावून बसलेली मुलगी म्हणाली, ‘मीच. आजी सांगत गेली, मी टाके टाकत गेले.’

आतून आजीचा आवाज आला, ‘तिला गोधडी नका म्हणू बापू. पोतं झालं, पोतं. भिजली की दोघींनाबी उचलत न्हाई.’

गोधडीची काळजी करणारी माणसं शहरात फार भेटतात. त्यांचा सगळा रोख पोरींवर असतो: आजकालच्या मुलींना सुई धरता येत नाही, बसायला वेळ नाही, मोबाइल सुटत नाही. ओट्यावरच्या मुलीचा मोबाइलही सुटलेला नव्हता, पण गोधडी झाली होती. धावदोरा शिकायला असा किती वेळ लागतो? एक दुपार पुरते. खोट आहे ती कापडात.

आमच्या घरी गोधडीचं काम उन्हाळ्यात निघायचं. खळी आटोपलेली, लग्नसराई संपत आलेली, पाऊस अजून लांब. निंबाखालचं अंगण सारवून घ्यायचं आणि त्यावर आजीचं एक जुनं लुगडं पसरायचं. चार कोपरे दाबायला चार वजनं लागत. एकावर वरवंटा, दोघांवर विटा, आणि चौथ्यावर बऱ्याचदा मला बसवलेलं असे. मग गाठोडं सुटायचं. आजोबांच्या धोतराचे तुकडे, बंड्या, उशांचे अभ्रे, कुणाचं तरी परकराचं अर्धं. कुठलं धडुतं कुठे जाईल हे आजी हातानं ठरवायची, डोळ्यानं नाही. बोटांत धरून चुरगाळायची. मऊ असेल तर मधे, जरा दमदार असेल तर पायाकडे, कारण झोपेत पाय मारतो म्हणे माणूस. वरून दुसरं लुगडं अंथरलं की मोठाले कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी धरायचं. आणि मग बायका बसायच्या.

चारी बाजूंनी बसायच्या. कडेपासून सुरुवात, एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा. चौकोनात चौकोन लहान होत जायचा आणि बायका एकमेकींकडे सरकत यायच्या. आमच्या दोन चुलत्यांचं बांधावरून वाजलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या बायकाही बोलत नसत. आजीनं एका वर्षी त्या दोघींना मुद्दाम समोरासमोर बसवलं. पहिले फेरे मुक्यानं गेले. पुढे ‘दोरा द्या’ आलं. मधला चौकोन परातीएवढा उरला तेव्हा दोघींची डोकी जवळजवळ टेकत होती आणि कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढण्यात दोघी रंगल्या होत्या. बांधाचं भांडण मात्र पुढेही तसंच राहिलं. ते पुरुषांकडे होतं.

शेवटच्या टाक्याआधी एक बोटभर फट ठेवलेली असायची. आजी तीत भाकरीचा तुकडा सारायची, चिमूटभर हळद-कुंकू टाकायची आणि मग तोंड शिवायची. गोधडी उपाशी ठेवू नये. तिचं पोट भरलं तरच ती आपलं अंग झाकते. आम्हा पोरांना याची काळजी वेगळीच होती: उंदराला वास येणार. आणि एकदा आलाच. त्यानं नेमकी तेवढीच जागा कुरतडली, बाकी गोधडीला दात लावला नाही. आजीनं शिव्या घातल्या त्या उंदराला, आणि ठिगळ लावण्याआधी पुन्हा भाकरीचा तुकडा आत सारला. आईनं कपाळाला हात लावला.

हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं ते लुगडं. नऊवारी, सुती, इरकली काठांचं. नवं असताना सणाला, मग गावाला जाताना, मग रोजचं. बसून बसून मधे विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन धड तुकड्यांना दांड घालून आणखी काही वर्षं शेतात नेसायचं. तिथून गोधडीत. काठ उसवून गोधडीच्या कडेला पट्टी म्हणून. गोधडीत मावलं नाही ते लेकराच्या दुपट्याला, त्यातूनही उरलं ते चुलीपाशी पोतेऱ्याला. सुताचा धर्मच असा की ते दर धुण्याला थोडं झिजतं आणि झिजताना मऊ होत जातं. आज माझ्या घरातल्या बायकांच्या साड्या बघतो. रंग जात नाही, चुणी पडत नाही, फाटत नाहीत. घाम शोषत नाहीत की ऊब धरत नाहीत. गोधडीत घातल्या तर आतल्या आत घसरून एका कोपऱ्यात गोळा होतात. म्हणून मग पोरगी जीन घेते, आणि आजी म्हणते पोतं झालं.

गंमत ही की हा सगळा कापसाच्या काळ्या मातीचा मुलूख. सोयाबीननं पुष्कळ शिवार खाल्लं तरी कापूस अजून पिकतो, जिनिंगला जातो, गाठी बांधून गाडीत बसतो आणि दिसेनासा होतो. थंडी पडली की त्याच रस्त्यावरून उलट दिशेनं टेम्पो येतो, भोंगा लावून, पानिपतची ब्लँकेटं घेऊन. वाघ, मोर, मोठाली गुलाबं. मी ती वापरतो, ती उबदार आहेत, आणि मला ती आवडत नाहीत. अंगावर घेतलं की ठिणग्या उडतात.

नर्सी इथून जवळ. नामदेवांचं, म्हणजे शिंप्याचं गाव. 1270 हे त्यांच्या जन्माचं साल मानतात. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. कयाधूच्या काठावर उभं राहून मला वाटलं होतं की गोधडीची गोष्ट इथूनच सुरू करावी. पण ते जुळत नाही. शिंपी नवं कापड बेततो. गोधडी बेतत कुणीच नाही. बारा बलुत्यांत ती बसली नाही, कुणाला तिचं वतन मिळालं नाही. गावोगाव फिरून मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका होत्या, अजूनही कुठे कुठे आहेत. पण बहुतेक गोधड्या घरातल्या बाईनं, कुणी काम न मानलेल्या दुपारी शिवल्या. गाडगेबाबा अंगावर गोधडीवजा चिंध्या पांघरून हिंडले, त्यांना लोक गोधडेबुवाही म्हणत. ती शिवली कुणी, हे मात्र कुठे वाचल्याचं आठवत नाही.

अमेरिकेत अलाबामात गीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायकांनी शेतात झिजलेल्या पँटी-शर्टांच्या गोधड्या शिवल्या. 2002 साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आपल्या शेजारी, उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात, सिद्दी बायका कवंदी शिवतात; त्याही कडेपासून आत येतात, अगदी आमच्या अंगणासारख्या. त्यांनाही आता दूरची गिऱ्हाइकं आहेत. पुण्या-मुंबईत गोधड्या दुकानात मिळतात, कोऱ्या कापडाच्या, सुबक, महाग. शिवणाऱ्या हातांना पैसे मिळतात ही फार चांगली गोष्ट आहे, आणि ती आमच्या आजीला कधी मिळाली नाही. पण कोरं कापड आणून त्याचे चौकोन कापणं मला अजून पचत नाही. आमच्याकडच्या गोधड्यांना हळदीचे डाग असत, शिजवलेल्या हळदीवर त्या झाकायला घातलेल्या असत. तो डाग कितीही धुतला तरी राहायचा.

पुसेगावच्या त्या मुलीला मी निघताना विचारलं, पुढची कशाची शिवणार? ती म्हणाली, ‘आजीची दोन लुगडी हाएत ट्रंकेत. पण आजी देत न्हाई, म्हणती मी असतानी कामून?’ आजी काही बोलली नाही.

तर एवढंच सांगणं आहे. तुमच्याही घरात, ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या खणात, एखादं सुती लुगडं असेल. बोहारीण दारात आली की ते पातेल्यावर देऊन टाकू नका. उन्हात धरून पाहा. ऊन आरपार येत असेल तर ते तयार झालंय. घरातल्या मुलीला द्या, मुलाला द्या, सुईत दोरा ओवून द्या. आणि आजी असेल तर आधी तिला विचारा.