भरणारीचा हात

माझी धाकटी लेक नवरीच्या हातावर मेहंदी काढायला जाते. सोबतची बाई कोयरी, कमळ, मोर यांच्या बाहेरच्या रेषा झरझर ओढून मोकळी होते. आतली जाळी, ठिपके, बारीक वेल भरायला लेक बसते. एका हाताला दीड-दोन तास. कोन दाबून दाबून अंगठा दुखतो, मान अवघडते. पैसे मात्र बाईला जास्त.

मी एकदा म्हणाले, "तुझं काम काय, नुसतं भरायचं!"

ती म्हणाली, "आई, लेप बसतो तेवढीच कातडी रंगते. भरलं नाही तर हात उघडा दिसतो. सगळंच भरलं तर कोयरी हरवते. कुठं थांबायचं, तेच तर शिकावं लागतं."

मी गप्प झाले. मीही तीस वर्षं बांधकामावर विटांच्या मध्ये माल भरला. इमारतीवर नाव दुसऱ्याचंच लागलं.

पुढच्या लग्नाला लेकीने आधीच सांगितलं, निम्मे-निम्मे. बाई कुरकुरली, पण कबूल झाली.

भगिनींनो, नवरीचा हात पाहाल तेव्हा कोयरीच्या आतही पाहा. तिथे कुणाची तरी लेक रात्र जागलेली असते.