कारंज्याची वाट आणि खिशातला फोन

वाशीम जिल्ह्यात पाहण्यासारखे काय आहे, असे पुण्या-मुंबईचे पाहुणे हटकून विचारतात. मग मी त्यांना आधी गावातले पद्मतीर्थ दाखवते, बालाजीच्या देवळात नेते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच, असे सांगितले की चेहरे जरा बदलतात. अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा झाला. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, मानोरा तालुक्यात बंजारा समाजाची काशी पोहरादेवी, आणि कारंजा लाड तर नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान! एका जिल्ह्यात आणखी किती हवे?

यंदा दिवाळीआधी सासूबाईंच्या मनात कारंज्याला गुरुमंदिरात जायचे आले. ह्यांना सुट्टी नव्हती, म्हणून भाड्याची जीप सांगितली आणि आम्ही घरच्या नि शेजारच्या मिळून पाच बायका निघालो. मंगरुळपीरवरून जायचे ठरले. हे दिवस सोयाबीन काढणीचे. शेतात थ्रेशर घरघरत असतात, हवेत भुसा उडत असतो, आणि अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेले. मागे दिवा नाही की लाल फडके नाही अशा ट्रॉल्या पोत्यांनी भरून सावकाश चाललेल्या. त्यांच्यामधून दोनचाकीवाले, आणि त्यांतल्या अर्ध्या जणांची मान वाकडी, कारण कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरलेला. हे दृश्य बघून माझ्या तर पोटात गोळा येतो.

आमचा चालक पंचविशीतला, स्वभावाने मोठा गोड पोरगा. गाडीही छान चालवीत होता. पण गाव सोडून फार वेळ झाला नसेल, त्याचा फोन वाजला. एका हातात चाक, दुसऱ्या हातात फोन. पलीकडून बायकोचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता, "कुठी आहा? जेवाले येता का नाई?" तो ठेवतो न ठेवतो तोच दुसरा वाजला, मग तिसऱ्यांदा कुणी फोटो पाठवला तो बघायला त्याने मान खाली घातली.

सासूबाई पुढे बसलेल्या. म्हणाल्या, "बाबू, गाडी बाजूले घे आन् काय बोलाचं ते बोलून घे. आमाले घाई नाई."

"आजी, रोजचाच रस्ता हाय. डोये मिटून बी चालवतो मी."

"म्हनूनच म्हणते, डोये उघडे ठेव."

मी बी.ए. झालेली, पण शाळेत पाचवीला गणित शिकवते, म्हणून हिशेब लगेच मांडला. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. फोटो बघायला तीन सेकंद लागले, तर गाडी पन्नास मीटर आंधळी धावली! आपल्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. तिथे मोटारींना ताशी १२० पर्यंत परवानगी, म्हणजे त्याच तीन सेकंदांत शंभर मीटर. आणि आमच्या रस्त्यावर तर रोह्यांचा कळप केव्हा आडवा येईल सांगता येत नाही. कारंज्याजवळ काळविटांचे सोहोळ अभयारण्य आहे. जनावर काही हॉर्न वाजवून येत नाही.

पुष्कळांना वाटते, कानात बोंडे घातली की झाले, हात तर मोकळे राहतात. पण बोलताना मन रस्त्यावर नसते, त्याचे काय? फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बोंडे लावून तो फारसा घटत नाही असेही. कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीपासून हातातल्या फोनचा स्पष्ट उल्लेख आला आहे. तुरुंगवास किंवा एक ते पाच हजार दंड. फोनवर रस्ता पाहण्याची तेवढी सवलत आहे, तीही लक्ष विचलित होणार नसेल तर.

पण मैत्रिणींनो, दंडाचे राहू द्या. त्या जीपमध्ये वाजलेला पहिला फोन कुणाचा होता? घरचाच ना! "कुठे पोहोचलात", "येताना कोथिंबीर आणा", "बंड्या ऐकत नाही, त्याला जरा रागवा". आपले माणूस गाडीवर आहे हे ठाऊक असूनही फोन फिरवायचा, आणि उचलला नाही तर पुन्हा पुन्हा! आमच्याकडे सासूबाईंनी नियम घातला आहे. हे निघाले की निघालो म्हणून कळवतात, पोहोचले की पोहोचलो. मधल्या वेळात घरातून कुणी फोन करायचा नाही. पहिले काही दिवस जीव टांगणीला लागायचा, आता सवय झाली.

कारंज्यात दर्शन झाले, जैन मंदिरातले लाकडी कोरीवकाम पाहिले. मान दुखेपर्यंत वर पाहत राहावे असे काम आहे ते! परतीला सासूबाईंनी पोराकडे हात पुढे केला. तो हसला, आणि मुकाट फोन त्यांच्या हातात दिला. मंगरुळपीर यायच्या आतच तो वाजला. सासूबाईंनी चष्मा सावरून हिरवे बटण दाबले.

"मी आजी बोलतो वं माय. तो गाडी चालवून राह्यला. सात वाजेलोक येते घरी. तू पोया टाकून ठेव."