नाटकाला घर हवें

आमच्या एकत्र कुटुंबांत महत्त्वाचे निर्णय व्हावयाचे ते रात्रीं जेवणें आटोपल्यावर, माजघरांत. गेल्या श्रावणांत असाच एक प्रश्न तेथें निघाला. धाकट्या बंधूंच्या नातीनें नाट्यशिक्षणाच्या विद्यालयांत जाण्याचा हट्ट धरला होता. आणि आम्ही घरांत सर्वांत वडील, त्यांतून जन्मभर शाळामास्तर, म्हणून आमचा अभिप्राय विचारण्यांत आला. अभिप्राय ओठांवर तयारच होता : ‘त्या क्षेत्रांत आपल्या मुलीला कोण विचारणार?’ परंतु तो बाहेर पडण्यापूर्वींच ती मुलगी म्हणाली, “आबा, अगोदर एका बाईंची हकीकत ऐका, मग काय तें सांगा.” तिनें जें सांगितलें, आणि पुढें आम्हीं स्वतः जें मिळवून वाचलें, तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

वेस्ट इंडीज म्हटलें कीं आमच्या पिढीला आठवतें तें क्रिकेट. तेथें रंगभूमि असेल, नट असतील, नाटकासाठीं जीव टाकणारीं माणसें असतील, हा विचार आमच्या मनास कधीं शिवला नव्हता. ह्या बेटांपैकीं जमैका हें एक. त्याच्या राजधानींत, किंग्स्टन शहरीं, 1938 सालीं इव्हॉन ब्रूस्टर ह्यांचा जन्म झाला. घराणें खाऊनपिऊन सुखी आणि सुशिक्षित. शाळेंत असतांना वडिलांबरोबर एक नाटक पाहिलें आणि आपण नटीच व्हावयाचें, असें त्या मुलीनें मनाशीं ठरविलें. 1956 सालीं ती इंग्लंडला गेली आणि केंट परगण्यांतील रोझ ब्रूफर्ड नाट्यविद्यालयांत दाखल झाली. त्या काळीं इंग्लंडांतील नाट्यविद्यालयांत काळ्या वर्णाची विद्यार्थिनी दिसणें जवळजवळ अशक्यच. पहिल्याच दिवशीं तिला ऐकविण्यांत आलें कीं, ब्रिटनच्या रंगभूमीवर तुला काम मिळणार नाहीं.

हें वाक्य आम्हीं ऐकलें आणि हातांतील अडकित्ता हातांतच राहिला. कारण तें आमच्या ओळखीचें होतें.

चाळीस वर्षांमागें शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं आम्ही ‘मृच्छकटिका’ंतील एक प्रवेश बसवीत होतों. चारुदत्ताच्या भूमिकेसाठीं मुलें पाहत असतां एक मुलगा पुढें आला. गांवाबाहेरच्या वस्तींतून तो दोन कोस चालत शाळेंत येई. आवाज असा कीं मागच्या बांकापर्यंत खणखणीत पोंचावा, श्लोक तोंडपाठ, परंतु बोलणें त्याच्या घरचें. आम्हीं त्याला म्हटलें, “बाळ, ही भाषा चारुदत्ताला शोभणार नाहीं. तूं पडदा ओढ.” त्यानें मान डोलावली आणि दोन्ही रात्रीं पडदा अगदीं वेळेवर ओढला. आम्हीं त्याची पाठही थोपटली! ज्या नाटकांत कवीनें जुगारी, दासी आणि राजाचा शालक ह्या सर्वांना नाना प्राकृतें बोलूं दिलीं, तें नाटक शिकवितांना आम्हीं एका मुलाची बोली वर्ज्य ठरविली, हा विरोध तेव्हां आमच्या ध्यानांत आला नाहीं. पुढें तो मुलगा कोणत्याही नाटकांत दिसला नाहीं.

ब्रूस्टरबाईंनीं मात्र शिक्षण पुरें केलें. लंडनच्या रॉयल अॅकॅडमी ऑफ म्यूझिकमध्येंही अभ्यास केला, आणि त्या मायदेशीं परतल्या. तेथें नाट्यशिक्षण देतां देतां 1965 सालीं ट्रेव्हर रोन ह्या नाटककारासह त्यांनीं एक मंडळी उभारली. रोनही त्याच विद्यालयांत शिकलेले. मंडळीचें नांव ‘थिएटर 77’. नांवांत संकल्पच होता : बारा वर्षांत, म्हणजे 1977 पर्यंत, जमैकांत नाटकावर पोट भरणारी रंगभूमि उभी करावयाची. एक तपच म्हणा ना! परंतु नाटक करावयाचें कोठें? ब्रूस्टरबाईंच्या घरची मोटार ठेवण्याची गॅरेज होती. तिचेंच नाट्यगृह केलें आणि त्याला ‘द बार्न’, म्हणजे धान्याचें कोठार, असें नांव दिलें. लुइस बेनेट ह्या बाईंनीं वार्षिक खेळांतून देशी बोली रंगमंचावर अगोदरच आणली होती. आतां त्या कोठारांत रोन ह्यांचीं नाटकें होऊं लागलीं. ‘स्माइल ऑरेंज’ हें त्यांचें नाटक समुद्रकांठच्या हॉटेलांतील वाढप्यांविषयींचें. गोऱ्या प्रवाशांपुढें हंसतमुख राहणाऱ्या त्या माणसांची बोली प्रेक्षकांच्या घरचीच होती.

येथें आम्हांस भरताच्या नाट्यशास्त्राचें स्मरण होतें. नाट्यवेद हा पांचवा वेद ब्रह्मदेवानें सर्व वर्णांसाठीं निर्मिला, असें त्याच्या पहिल्याच अध्यायांत सांगितलें आहे. पुढची कथा तर अधिक मार्मिक आहे. पहिला प्रयोग उघड्यावर झाला. विघ्नांनीं नटांची वाणी, हालचाल आणि स्मृति हीं जखडून टाकिलीं. तेव्हां विघ्नांशीं वाद घालण्यापूर्वीं ब्रह्मदेवानें विश्वकर्म्यास आज्ञा केली, कीं नाट्यगृह बांध. आम्हीं ही कथा अनेक वर्षें सांगितली, पण तिचा अर्थ आम्हांला एका दूरच्या बेटावरील गॅरेजनें समजाविला. ज्याला कोणी आपल्या मंचावर उभें राहूं देत नाहीं, त्यानें नुसतें गाऱ्हाणें करून भागत नाहीं. त्याला स्वतःच्या चार भिंती लागतात.

1970 नंतरच्या वर्षांत ब्रूस्टरबाई पुन्हां इंग्लंडांत आल्या. ज्या देशांत काम मिळणार नाहीं असें भाकीत झालें होतें, त्याच देशाच्या सरकारी कलामंडळांत त्या 1982 सालीं नाट्यविभागाच्या अधिकारी झाल्या. पैसा कोणास व कसा मिळतो, हें त्यांनीं तेथें आंतून पाहिलें. नंतर 1986 सालीं कार्मेन मन्रो, मोना हॅमंड आणि इनिगो एस्पेहेल ह्यांच्यासह त्यांनीं ‘तलावा’ ही नाटकमंडळी काढली. हा शब्द जमैकाच्या बोलींतला. मूर्ति लहान पण चिवट आणि धीट, असा त्याचा भाव. पहिलें नाटक निवडलें तें ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’. त्रिनिदादचे विद्वान लेखक सी. एल. आर. जेम्स ह्यांची ती कृति. विषय हैतींतील गुलामांचा उठाव आणि त्यांचा नेता तूसां. ती भूमिका गयानाच्या नॉर्मन बीटन ह्यांनीं केली. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर, हें वाचून आम्हांला उगाच धन्य वाटलें.

पुढें त्यांनीं वाइल्डचें विनोदी नाटक सर्व कृष्णवर्णीय नटसंचांत बसविलें. 1991 सालीं शेक्सपीयरची क्लिओपात्रा डोना क्रॉल ह्या नटीकडून उभी केली. 1994 सालीं ‘किंग लियर’ घेतलें तेव्हां ती भूमिका बीटन ह्यांची ठरली होती. त्यांची प्रकृति ढांसळली, म्हणून बेन थॉमस ह्यांनीं ती पार पाडली. त्याच वर्षाअखेर बीटन वारले. 1992 पासून तीन वर्षें लंडनचें कॉक्रन नाट्यगृह ‘तलावा’चें राहण्याचें ठिकाण होतें, पण तें घर टिकलें नाहीं. मंडळी टिकली. 1993 सालीं बाईंना ओ.बी.ई. हा किताब मिळाला, आणि 2004 सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें.

आमच्या मतें ह्या चरित्राचा गाभा किताबांत नाहीं. पहिल्या दिवशींचें तें वाक्य अगदींच खोटें नव्हतें. दारें खरोखरच बंद होतीं, आणि बोलणाऱ्यास कदाचित् आपण मुलीला सावध करतों असेंच वाटलें असेल. आम्हांलाही तसेंच वाटलें होतें. परंतु शिक्षकाचें काम दार बंद आहे हें सांगून संपत नाहीं. तें कां बंद आहे, आणि तें उघडण्यास आपला खांदा लावतां येईल कीं नाहीं, हें पाहणें त्याच्याकडे येतें. आम्हीं त्या मुलाच्या हातीं पडद्याची दोरी दिली आणि व्यवहार पाहिला, असें समजलों.

त्या रात्रीं माजघरांत सर्वजण आमच्या तोंडाकडे पाहत होते. आम्हीं एवढेंच म्हटलें, “तिला जाऊं द्या. आणि सुटींत येईल तेव्हां मागची पडवी मोकळी करून द्या. तालमीला जागा लागेल.” बंधु हंसले, वहिनींनीं पडवींतील धान्याच्या कणग्या कोठें ठेवावयाच्या, असें विचारलें. तो प्रश्न अजून सुटलेला नाहीं.