बॅनरच्या काठ्यांना पालवी

2016च्या उन्हाळ्यात मी लातूरला गणिताचा मास्तर होतो. टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली. एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी बघायला गर्दी झाली होती आणि त्या गर्दीत मीही टाचा उंच करून उभा होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथं आहे. पाणी म्हटलं की मला लिटर दिसायचे. पाण्यात कुणाचा संसार असतो, हे डोक्यातच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात मांजरेचं पात्र लोकवर्गणीतून खोल झालं आणि आमच्याही अंगात आलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं घेऊन मी एका गावतळ्यावर गेलो. काठभर बेशरम माजली होती. मूळची दक्षिण अमेरिकेतली; कुणी हौसेनं लावली, कुणी कुंपणाला, आणि गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तिचं फावलं. आम्ही कोयत्यानं सपासप छाटली. खोड जमिनीत तसंच, आणि छाटलेल्या फांद्या तिथंच ओलीवर ढीग करून टाकल्या. ‘स्वच्छ तळे, सुंदर तळे’ असं बॅनर बांधायला चार सरळ काठ्या लागल्या, त्याही त्याच ढिगातून उचलल्या आणि काठाच्या मऊ मातीत रोवल्या. फोटो काढला, पोहे खाल्ले, परत आलो.

पोळ्यानंतर पुन्हा गेलो. बॅनरच्या चिंध्या झाल्या होत्या. चारही काठ्यांना हिरवीगार पानं. ढिगातूनही कोंब वर आलेले. धुणं धूत बसलेल्या एका आजींनी विचारलं, “सर, नाव काय हाय तिचं?”

“बेशरम.”

“मंग?”

पुढं त्या काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. तिच्या कांडीचा ओल्या मातीला नुसता स्पर्श झाला तरी मुळं फुटतात. भर उन्हाळ्यात खणून काढायची आणि पाण्यापासून लांब, कोरड्या मुरमावर वाळवायची, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी विचारलंच नव्हतं. शिकवायला आलेला माणूस विचारत नाही.

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं. पण नांदेडला आलो तो तोच उत्साह घेऊन. इथं बेशरमीच्या जागी जलपर्णी. विष्णुपुरीनं गोदावरी अडवली आहे. साचलेल्या पाण्यात नाल्यांचं सांडपाणी मिसळलं की जलपर्णीला पंगतच बसते. ही बाई अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली, जांभळ्या फुलांच्या रूपावर भाळून माणसांनी जगभर नेलेली. पोषक पाणी मिळालं तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासळी मरते. तेव्हा ती काढायला हवी, यात शंका नाही. मी केव्हा काढली आणि तिच्याबरोबर काय काढलं, ते सांगायचं आहे.

मुहूर्त धरला जुलैचा. का, तर प्रवेश झालेले, अभ्यासक्रम सुरू व्हायचा, पोरं मोकळी! फुगवट्याच्या एका कोपऱ्यात आम्ही दोर आणि दाताळी घेऊन उतरलो. जलपर्णीबरोबर कमळाची पानं आली, पाणकणीस आलं. पाणी कसं ताटासारखं लख्ख दिसलं पाहिजे, असा माझा आग्रह. पाणकणसावर सुगरणीची अर्धी विणलेली घरटी लोंबत होती. एका पोरीनं विचारलं, “सर, हे राहू द्यायचं का?” मी म्हणालो, “सगळंच काढ.”

थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं लावणारे एक भोई मामा बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, “सर, ते कामून उपटायलात? त्यात अंडी हायेत की.”

जलपर्णीच्या गुंत्यावर, ओल्या काड्यांच्या चार बोटं उंच गादीवर, कमळपक्ष्याची अंडी होती. चार असतात. गुळगुळीत, तपकिरी, घासून चकाकी आणल्यासारखी. आम्ही ओढलेल्या घोळात तीन सापडली, त्यातली दोन फुटलेली. लांब शेपटीचा पक्षी पाण्यावरून घिरट्या घालत ओरडत होता. तो नर. कमळपक्ष्यात अंडी उबवायचं काम बापाकडे. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. पाणी चढलं तर हा बाप अंडी चोचीनं आणि छातीनं ढकलत दुसरीकडे हलवतोसुद्धा. आम्ही त्याला तेवढा वेळ दिला नव्हता. जून ते सप्टेंबर हा त्याचा विणीचा हंगाम, आणि मी बघितलं होतं फक्त महाविद्यालयाचं वेळापत्रक.

आणि ज्या रोपाला मी शत्रू म्हणत होतो, त्याच्यावरच त्यानं घर बांधलं होतं. हे अजूनही माझ्या पचनी पडत नाही. कमळ हटलं, जलपर्णी आली, पक्ष्यानं जुळवून घेतलं. नुसतं ‘परकीय म्हणून उपट’ एवढं सोपं गणित ते नव्हतं.

काढलेला ढीग आम्ही काठावरच सोडला. आठच दिवसांत मोठा पाऊस झाला आणि निम्मी जलपर्णी पुन्हा पाण्यात. नाला तर वाहतच होता. त्याच्याकडे बघायला त्या दिवशी कुणालाही सवड नव्हती, मलाही नाही.

आता आम्ही फेब्रुवारी ते मे एवढंच काम करतो, पाणकणसाला हात लावत नाही, आणि आधी मामांना एक फेरी मारायला लावतो. ते “इथं नगं” म्हणाले की तिथं नाही.

त्या जुलैचा अहवाल मात्र मीच लिहिला होता. किती विद्यार्थी, किती तास, किती ट्रॉल्या जलपर्णी, सगळे आकडे चोख. शेवटी वर्तमानपत्रातलं कात्रण डकवलं. अंड्यांचा उल्लेख केला नाही. मामांनी नंतर एकदा विचारलं, “त्या कागदात काय लिवलं ओ सर?” मी म्हणालो, “नेहमीचंच.”